जेवल्याशिवाय फुटबॉल नाही

जमने,

लीगचं पुढं काय झालं ते तुला सांगायचं राहिलंय. तू गेलीस तेव्हा आपलं भांडण निम्म्यावर होतं. भेटायला येणारे माझ्याकडे बघून म्हणायचे, बिचारा अगदी गप्प झाला. गप्प कसला? तुला द्यायची उत्तरं मी मनात जुळवत बसलो होतो. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मला तुझ्या बोलण्यावर नेमकं उत्तर सुचलं, आणि ऐकायला तू नाहीस. हे तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. पण तुझा स्वभाव बघता, नाही असंही म्हणवत नाही.

तुझं शेवटचं धड बोलणं हे: "मी जिती हाय तवर त्या कागदावर सही करायची नाय. मेल्यावर काय ते करा." आणि आठ दिवसांत तापाचं निमित्त करून गेलीस. तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सकाळी तुझा भाऊ काशिनाथ तोच कागद घेऊन ओटीवर हजर.

"भावजी, बायनंच सांगलं व्हतं, मेल्यावर करा."

आता बोल. तुझ्याच बोलीप्रमाणे मी मोकळा झालो होतो. तळेखारच्या मंडळाचा अध्यक्ष मी, सही माझी. रविवारी मोसमातला पहिला सामना, त्याच्या आत ठरवायचं. आपला संघ गावोगावच्या जुन्या सामन्यांत राहणार, की पाच पैसेवाल्या गावांच्या नव्या लीगमध्ये जाणार.

हे मंडळाच्या स्मरणिकेत छापणार आहेत. नवीन पनवेलच्या बिल्डिंगीतले लोकही वाचतील. त्यांना कळावं म्हणून थोडं मागचं सांगतो. तुला सगळं माहीत आहे, तेव्हा तू मध्ये बोलू नकोस.

आपल्या खाडीकाठच्या सोळा गावांत फुटबॉल आणला तो मुंबईच्या गोदीत कामाला जाणाऱ्या म्हाताऱ्यांनी. त्यांत माझा बाप. जहाजावरच्या खलाशांचं बघून शिकले आणि भात कापून झाल्यावर मोकळ्या शेतात खेळायला लागले. पायात बूट नाहीत, धसकटं टोचायची. पंच कोण, तर ज्याच्याकडे शिट्टी तो. दिवाळीनंतर सुरू व्हायचं ते पावसाला तोंड लागेपर्यंत, दर रविवारी एक गाव दुसऱ्या गावाला जायचं. पाहुणा संघ बांधाबांधानं चालत नाहीतर होडीतून यायचा, पोचेपर्यंत अर्धमेला. म्हणून रीत पडली की यजमान गावानं पाहुण्यांना आधी पोटभर जेवायला घालायचं आणि चार वाजता सामना. जेवल्याशिवाय शिट्टी वाजवायची नाही. पुढं टेम्पो आले, कुणी चालत येईना, पण रीत राहिली.

तू वाकणोलीहून लग्न होऊन आलीस आणि दुसऱ्याच वर्षी तुझ्या ते लक्षात आलं जे गावातल्या एकाही बाप्याच्या लक्षात आलं नव्हतं. जेवलेला माणूस पळत नाही.

तेव्हापासून तळेखार घरच्या मैदानावर हरायचं बंद झालं. आम्हाला वाटायचं आमचा खेळ सुधारला. आम्ही मिशांना पीळ देत फिरायचो, आणि तू मागच्या पडवीत सहा बायकांना घेऊन वालाचं बिरडं, सुकटीचं कालवण, तांदळाच्या भाकरी आणि वर भाताचा डोंगर रचत असायचीस. पंगतीत तुझा आवाज ऐकण्यासारखा असायचा.

"खा रं बाबा, आयनं उपाशी धाडलं का काय तुला?"

"बस झालं मावशे, सामना हाय."

"सामना काय पलून जातंय? ही एकच भाकर. ही माज्या हातची नाय, त्या बेबीच्या हातची हाय. नवी सून हाय, नाय खाल्लीस तर रडल बिचारी."

बेबी दाराआडून रडवेलं तोंड करून उभीच. सगळं ठरलेलं. तो पोरगा खायचा. त्याच्या शेजारचा खायचा. पानावर बसून नको म्हणणं म्हणजे त्या गावच्या बायकांचा अपमान, हे सोळाही गावांत लहान पोरालाही ठाऊक.

एकदा मात्र तुझा हिशेब चुकला. तुझ्या माहेरचा, वाकणोलीचा गोली आठ भाकरी खाऊन उभा राहिला. उभा म्हणजे बांबूला टेकून. आपल्या पोरानं जवळून जोरात मारलेला बॉल त्याच्या पोटावर आपटला आणि परत अर्ध्या मैदानात आला. दुसराही तसाच. तिसराही तसाच. माणूस जागचा हलला नाही, तरी एक गोल होईना. तू बांधावर बसून कपाळावर हात मारून घेतलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडलीस, "जास्त झाली गो, जास्त झाली!" शून्य-शून्य. त्या दिवसापासून गोलीला चारच भाकरी आणि पुढं पळणाऱ्यांना हात सोडून, असा तुझा नेम झाला.

दुसरी गावं काय मूर्ख नव्हती. त्यांच्या बायकाही शिकल्या. आपण पाहुणे म्हणून गेलो की आपल्या पोरांनाही तसंच कोंबायच्या. त्यावरही तूच तोड काढलीस. जेवू घालणारी बाई एकाच गोष्टीपुढे हात आखडते, ती म्हणजे उपास. आंबेकोंडला सामना होता, कर्नाळ्याच्या पायथ्याशी. तू अकराच्या अकरा पोरांना पढवून पाठवलंस. पानं मांडली तशी सगळ्यांनी हात जोडले. "आमचा उपास हाय."

तिथली एक म्हातारी म्हणाली, "आज तर रईवार. रईवारी कसला उपास?"

आपला कॅप्टन म्हणाला, "सूर्याचा."

म्हातारी उठली. आत गेली. तासाभरात अकरा पानांवर साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, शेंगदाण्याचे लाडू आणि वऱ्याचे तांदूळ. उपासाचं असल्यामुळं आता नको म्हणायला तोंडच उरलं नाही. पाच-शून्य हरलो. परत येताना टेम्पोत एकही पोरगा बसू शकत नव्हता, सगळे आडवे. मी घरी येऊन तुला सांगितलं तर तू हसून हसून चुलीवरचं दूध उतू घालवलंस आणि म्हणालीस, "ती म्हातारी मना पायजे व्हती आपल्या गावात."

त्याच आंबेकोंडला आपण आपली लेक बाली दिली. का, तर त्यांच्या संघातला एक पोरगा जेवून उठताना शेजारच्याचंही पान उचलून घेऊन गेला. तू पडवीतून मला खुणावलंस, हा जावई. मी म्हटलं, अगं, खेळतो कसा ते तरी बघ. म्हणालीस, "खेल तुमी बघा."

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग नव्या शहरासाठी जमिनी गेल्या. ज्यांच्या जास्त गेल्या अशा पाच गावांत पक्की घरं आली, जीपगाड्या आल्या आणि फुटबॉलच्या पोरांना बूट आले. त्यात तुझं माहेर सगळ्यांत पुढं. त्यांनी तर मुंबईहून तीन पगारी खेळाडू आणले. आपल्या गावची जमीन निम्मी गेली, निम्मी मिठागराच्या कडेला राहिली, म्हणून आपला निम्मा संघ बुटात आणि निम्मा अनवाणी. आपल्याच बूटवाल्यांनी आपल्याच अनवाण्यांचे किती अंगठे फोडले त्याला गणती नाही.

गणपतीत काशिनाथ मोदकांबरोबर तो कागद घेऊन आला. पाच गावांची वेगळी लीग. नवीन पनवेलच्या बाजूला रोलर फिरवलेलं मैदान, चुन्याच्या रेषा, खुर्च्या, लाऊडस्पीकर. गावोगाव जाणं बंद. जेवण बंद. प्रत्येक खेळाडूला एक पाकीट, त्यात पुरी-भाजी आणि केळं. संघ सहा हवेत, तर सहावे आपण. "तुमच्या बायामान्सांचा आवाज लय हाय, भावजी, गर्दी जमंल." राहिलेल्या दहा गावांनी आपापसात काय ते खेळावं. त्यात बालीचं आंबेकोंडही आलं.

पनवेलात गफूरमियाँच्या सायकलच्या दुकानावर या लीगवरून महिनाभर कुणी सायकलचं काम वेळेवर घेऊन गेलं नाही. सोळाही गावांचा बॉल पंक्चर झाला की गफूरमियाँकडेच यायचा, म्हणून सोळाही गावांची तोंडं तिथं जमायची. बूटवाले म्हणायचे, धसकटात खेळून कोण मोठं झालं? अनवाणी म्हणायचे, तुम्ही मोठे झालात ते खेळून नाही, शेत गेलं म्हणून. एक जण म्हणाला, लीग झाली तर मी काशिनाथच्या गावात पाय ठेवणार नाही. दुसरा म्हणाला, तुला बोलावलंय कुणी? एकदा प्रकरण हातघाईवर आलं तेव्हा गफूरमियाँनी हवेचा पंप मध्ये आडवा धरला आणि पेपर वाचून दाखवला. परदेशातही बड्या बड्या क्लबांनी असंच आपापसातली वेगळी लीग काढायचं चालवलंय म्हणे, आणि तिथले लोकही असेच चिडलेत.

"अख्ख्या दुनियेत हाच तमाशा," गफूरमियाँ म्हणाले. "पण माझा एक सवाल आहे. पाच पैसेवाले आपसात खेळणार. म्हणजे दर साल एक पैसेवाला आखरी नंबर येणार की नाही? त्याची इज्जत काय राहणार? दहा गरीब खाली होते तोवर त्याला कुणी आखरी म्हणत नव्हतं. दोन साल बघा, चौघं मिळून त्या पाचव्याला काढतील."

यावर वाकणोलीचे लोक टांगलेल्या सायकलींकडे बघायला लागले. मनातल्या मनात पाचवा कोण ते मोजत असावेत.

मी घरी येऊन तुला परदेशचं सांगितलं. तू भाकरी थापत होतीस. विचारलंस, "तिकडं पावन्यांना जेवान घालतात?"

म्हटलं, "नसतील घालत."

"मंग त्यांची लीग फुटली काय नि राहिली काय."

तिथून आपलं जुंपलं. मी लीगच्या बाजूचा. मी म्हणायचो, गादीची खुर्ची मिळेल, लाऊडस्पीकरवर अध्यक्ष म्हणून नाव घेतील, बांधावरून चालून माझे गुडघे गेलेत. तू म्हणायचीस, "पाकीट खाऊन खेलनाऱ्या पोरांना दुसऱ्या गावचं काय कलनार? कोनाची आय कशी हाय, कोनाच्या घरात काय शिजतं, ते पानावर बसल्याबिगर कलत नाय." मी म्हणायचो, फुटबॉल खेळायला जातात की सोयरीक जमवायला? तू म्हणायचीस, "तुमी फुटबॉलच खेलाय आलेलाव आमच्या गावाला." खरंच होतं. मी वाकणोलीला खेळायला आलो होतो आणि तुझ्या आईनं मला सात भाकरी घातल्या होत्या. त्या दिवशी मी मैदानात काय केलं ते मला आठवत नाही.

मग तू तुझी लढाई सुरू केलीस. एका दुपारी जेवायला बसलो तर पाट नाही, ताट नाही. समोर पेपरात बांधलेलं पुडकं. आत चार गार पुऱ्या, बटाट्याची भाजी, एक केळं.

"हे काय?"

"लीग."

सहा दिवस, जमने. सहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाकीट. शेजारणी बघायला यायच्या. चौथ्या दिवशी मी म्हटलं, निदान भाजी तरी बदल. म्हणालीस, "लीगमधी एकच भाजी." सहाव्या दिवशी पुरीला लागलेली पेपरातली जाहिरातही मी वाचून काढली. तरी मी सही करणार नाही असं म्हणालो नाही. तूही माघार घेतली नाहीस. सातव्या दिवशी ताट वाढलंस ते फक्त घरातलं तेल संपलं म्हणून, हे तू मला सांगितलंस. मी विश्वास ठेवला.

दसऱ्याला जे झालं त्याला मात्र मी हसू शकत नाही. काशिनाथ चार जणांना घेऊन सोनं द्यायला आला. भर दुपार, जेवायची वेळ. तू त्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवलीस, तांब्याभर पाणी आणून ठेवलंस आणि उंबऱ्यावर बसलीस. आत बिरड्याचा वास सुटलेला. अर्धा तास झाला, पाऊण झाला. काशिनाथ लहान पोरासारखा चुलीकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "बाय, जेवान झालं का?"

"झालंय. तुमचं पाकीट आनलं नाय?"

तो हसला. त्याला वाटलं थट्टा. तू हसली नाहीस. मग तो उठला. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "येतो भावजी." तुझ्या दारातून उपाशी गेलेला तो पहिला पाहुणा, आणि तो तुझाच भाऊ. तू आत जाऊन सगळं बिरडं गाईला घातलंस. तूही जेवली नाहीस, मीही नाही. गाय तेवढी जेवली.

मग तो ताप. पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, छातीत जुना धूर आहे. मला ते नवीन नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच मला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं, आजींना चुलीपासून लांब ठेवा. मी तुला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर तू दुप्पट लाकडं घातली असतीस. आता सांगतो, उत्तर द्यायला तू नाहीस म्हणून धीर होतोय. मला खुर्ची नको होती. लाऊडस्पीकर गेला खड्ड्यात. तुझ्या लुगड्याला येणारा धुराचा वास आणि तुझं ते खोकणं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. लीगमध्ये जेवण नाही म्हणजे पडवीत चूल नाही, चूल नाही म्हणजे धूर नाही. चाळीस माणसांचं रांधणं तू माझ्या सांगण्यावरून सोडलं नसतंस, पण काशिनाथच्या कागदानं सुटलं असतं. म्हणून मी सही करणार होतो. हे सरळ बोलायचं सोडून मी महिनाभर तुझ्याशी गादीच्या खुर्चीवरून भांडलो. तुला वाटलं असेल, म्हातारा मानाला हपापलाय. तेच समजून तू गेलीस.

तर काशिनाथ चौदाव्या दिवशी आला तेव्हा माझी ही गत. तू नाहीस, म्हणजे ज्याच्यासाठी सही करायची ते कारणही नाही. न करण्याचंही काही कारण दिसेना. मी म्हटलं, शुक्रवारी देवळात मीटिंग घेतो, पोरं सांगतील तसं करू.

मीटिंगला बूटवाले एका बाजूला, अनवाणी दुसऱ्या बाजूला. काशिनाथ मध्ये सतरंजीवर. बोलायला सुरुवात करणार तोच तुझ्या पडवीतल्या सहाही जणी आत आल्या. पुढं बेबी. आमच्या मीटिंगला आजवर बाई आली नव्हती. कुणीतरी म्हणालं, तुमचं काय काम? बेबी म्हणाली, "लीगमधी कोनाचा संघ बंद व्हनार हाय ते आयकाय आलोय."

मी उभा राहिलो आणि जे तुला बोललो नव्हतो ते सगळ्यांसमोर बोललो. धूर, खोकला, डॉक्टर, सगळं. म्हटलं, तुम्हा बायकांचे हाल संपावेत म्हणून मी लीगला हो म्हणत होतो. मला वाटलं बायका डोळे पुसतील. बेबी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दादा, वयनीला पडवीतल्या चुलीम्होरं शेवटची कदी बगितली तुमी?"

"म्हणजे? दर रविवारी..."

"दर रईवारी तुमी मैदानात. पडवीत तुमी आलाव कदी? दोन वर्सं झाली वयनी पडवीतल्या चुलीला हात लावत नव्हती. दम लागतंय म्हनून मना बसवली चुलीवर. ती दारात पाटावर बसून फक्त हुकूम सोडायची. तीन नंबरला अजून एक भाकर. तो काला पोरगा चोर हाय, भात लपवतंय, त्याच्या पानावर बघ. कोलसा असायचा तिच्या हातात. जो तिसऱ्यांदा मागंल त्याची एक रेघ भितीवर. तुमचे गोल वेगले, आमचे वेगले. सगल्या गावच्या बाया अशाच रेघा मारतात. गेल्या साली आमी सगल्यांत जास्त रेघांवर व्हतो, सोला गावांत."

जमने, त्या रेघा! दर दिवाळीला मी भिंतीवर चुना मारताना पोरांना शिव्या घालायचो, कोळशानं भिंत घाण करतात म्हणून. तुझ्यासमोर घालायचो. तू चुन्याची बादली धरून उभी असायचीस आणि तोंडातून अक्षर काढायची नाहीस.

बेबी थांबली नाही. "तुमच्या गोलीचा गुडघा फुटला तरी तो खेलतंय. त्याला कोनी बोललं, तुजे हाल व्हतात, सामने बंद करू? वयनी कप्तान व्हती आमची."

बूटवालेसुद्धा खाली बघत होते. तेही तुझ्याच हुकुमानं जिंकलेले होते, हे बहुतेक त्यांना तिथंच कळलं. मलाही तिथंच कळलं. इतकी वर्षं मी आधी खेळाडू, मग अध्यक्ष म्हणून मिरवलो, आणि खरा सामना माझ्या मागच्या पडवीत दोन वाजता संपलेला असायचा.

म्हणजे बघ. पडवीतल्या धुरातून तू आधीच उठली होतीस, आणि मी तुला धुरातून उठवण्यासाठी तुझा खेळ बंद करायला निघालो होतो. एकदा पडवीत डोकावलो असतो तरी पुरं होतं. आणि तू? तू एकदा तरी म्हणायचंस, की अवो, मी खेलते हाय. तू आईबापांच्या, सोयरिकीच्या गोष्टी सांगितल्यास, त्या खऱ्याच. पण मुख्य कारण लाजून सांगितलं नाहीस, जसं मीही माझं सांगितलं नाही. दोघंही खोटी कारणं घेऊन खरं भांडलो. सहा दिवसांच्या पुऱ्या त्यापायी वाया.

कागद मी सही न करता काशिनाथला परत दिला. तो घडी करून खिशात ठेवत म्हणाला, "लीग व्हनार, भावजी. सहावा दुसरा कोन तरी मिलंल." म्हटलं, होऊ दे. तुमचा पाचवा कोण ते एकदा ठरवून ठेवा म्हणजे झालं.

रविवारी आंबेकोंड आलं. मला वाटलं आपण मदत करावी, म्हणून पडवीत गेलो तर बेबीनं उंबऱ्यावरूनच परतवलं. म्हणाली, पंगतीत पाणी वाढायचं काम हाय, पायजे तर करा. तर तळेखार मंडळाचा अध्यक्ष तांब्या घेऊन पंगतीत वाकून वाकून पाणी वाढत होता. कमर धरली. जावई पानावरून म्हणाला, "बाबा, राहू द्या." म्हटलं, तू जेव, तुला जेवण्याकरताच बोलावलंय. तो हसला आणि भाकर शेजाऱ्याच्या पानात सरकवली. पाटावरून कुणी पकडायला नव्हतं. मी बघून न बघितल्यासारखं केलं, त्याबद्दल तू काय ते मला म्हण.

पंगत निम्म्यावर आली तेव्हा फाटकाशी जीप थांबली. काशिनाथ एकटाच उतरला. त्यानं चपला काढल्या, विहिरीवर पाय धुतले आणि पंगतीच्या शेवटी, जमिनीवर, पोरांच्या रांगेत येऊन बसला. बेबीनं पान मांडलं. त्यानं पहिला घास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

मी पाणी ओतायला वाकलो तसा हळू म्हणाला, "भावजी, बायनं मना माफ केला असंल का वो?"

मी त्याला खोटं सांगितलं नाही. म्हटलं, "नसंल केला. मलाही नसंल केला. जेव."

तो जेवला, जमने. डोळे पुसत जेवला, बिरडं दोनदा घेतलं, भाकरी किती ते मी मोजल्या नाहीत. शेवटी हात टेकूनही त्याला उठता येईना, तेव्हा मी आणि जावयानं दोन्ही बाजूंनी धरून उभा केला. सामन्याला जायच्या अवस्थेत तो नव्हता. ओटीवर तुझ्या खाटेवर आडवा झाला आणि शिट्टी वाजायच्या आत घोरायला लागला. मी त्याच्या अंगावर तुझं लुगडं घातलं आणि मैदानावर गेलो. उशीर झाला होता, आपण एक गोल खाल्लेला होता.